कोटेशनपासून डेबिट नोटपर्यंत: उद्यमबाग-मच्छेत नव्याने लागलेल्यांसाठी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या किंवा मच्छेच्या एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मार्केटिंगला लागलात की चार दिवसांत कळते, मोल्डिंगवर (साचे बनवतात तिथे) कन्नड चालते, केबिनमध्ये मराठी, ट्रकवाल्याशी हिंदी, आणि कागदावर मात्र सगळे इंग्रजी. मराठी शाळेतून आलेली पोरे इथे बिचकतात आणि स्पोकन इंग्लिशच्या क्लासला पैसे भरतात. खरे तर कोल्हापूर-पुण्याचा परचेसवाला फोनवर मराठीतच बोलतो. पैसे अडकतात ते कागदावरच्या वीस-पंचवीस शब्दांत. तेवढे पक्के करा, फाडफाड इंग्रजी नंतर बघू.

एन्क्वायरी आली की आधी ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर, मटेरियलचा ग्रेड आणि महिन्याची क्वांटिटी विचारून घ्या. मग कोटेशन. त्यात दराखाली ‘व्हॅलिडिटी’, म्हणजे दर किती दिवस लागू ते, लिहायला विसरू नका. पिग आयर्न आणि स्क्रॅपचे भाव हलतात. मुदत न घातलेले कोटेशन तीन महिन्यांनी पुढे धरून ‘तुम्हीच दिलेला रेट’ म्हणणारे गिऱ्हाईक भेटतेच. पंधरा दिवस पुरेत. पॅटर्नचा (ज्यावरून साचा बनतो त्या नमुन्याचा) खर्च वेगळ्या ओळीत दाखवा, आणि पॅटर्न कुणाच्या मालकीचा हेही तिथेच लिहा.

सगळ्यात जास्त घोळ डिलिव्हरीच्या अटीत होतो. ‘एक्स-वर्क्स’ म्हणजे माल आपल्या गेटवर, पुढचे भाडे गिऱ्हाइकाचे. ‘एफ.ओ.आर. पुणे’ म्हणजे पुण्यापर्यंतचे भाडे आपले. समजा कास्टिंग (ओतलेला भाग) १२ किलोचे, नग ५००, म्हणजे ६,००० किलो. भाडे किलोला ३ रुपये धरले तर एका खेपेला १८,००० रुपये. कोटेशन एक्स-वर्क्स आणि आलेल्या पी.ओ.वर (परचेस ऑर्डरवर) एफ.ओ.आर. असे असेल, आणि तुम्ही न वाचता माल पाठवला, तर हे १८,००० तुमच्या मार्जिनमधून गेले. एक्सपोर्टची गोष्ट वेगळी. तिथे इन्कोटर्म्स २०२० म्हणजे डिलिव्हरीच्या आंतरराष्ट्रीय अटी चालतात, एकूण ११, आपला एफ.ओ.आर. त्यात नाही. एफ.ओ.बी.पुढे (माल जहाजावर चढवून देईपर्यंत आपले) माल चढवायच्या बंदराचे नाव येते, सी.आय.एफ.पुढे उतरायच्या. सी.आय.एफ.मध्ये भाडे आणि विमा आपला असला तरी माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराची. कंटेनरच्या मालाला एफ.सी.ए. (माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की आपले काम संपले) जास्त बरोबर बसते, तरी सवयीने सगळे एफ.ओ.बी.च लिहितात.

सीमेवर राहिल्यामुळे टॅक्सची एक गंमत आहे. हुबळीला, म्हणजे राज्यातच, माल गेला तर केंद्राचा सी.जी.एस.टी. आणि राज्याचा एस.जी.एस.टी.; निपाणीहून शेजारच्या पण महाराष्ट्रातल्या कागलला गेला तरी राज्याबाहेरचा आय.जी.एस.टी. जी.एस.टी. नंबरचे पहिले दोन आकडे बघायची सवय लावा: २९ कर्नाटक, २७ महाराष्ट्र, ३० गोवा. राज्याबाहेर ५०,००० रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल (वाहतुकीचा ऑनलाइन परवाना) लागते, आणि ही रक्कम टॅक्ससकट मोजतात. माल ४५,००० चा, टॅक्स १८ टक्के, म्हणजे ५३,१००. ‘पन्नासच्या आत आहे की’ म्हणून गाडी सोडली तर ती सीमेवरच्या कोगनोळीच्या पुढे-मागे कुठेतरी अडकायची.

पेमेंटच्या अटीत ‘थर्टी डेज’ एवढेच लिहिलेले कधी मान्य करू नका. बिलाच्या तारखेपासून, की माल पोचल्यापासून, की त्यांच्या जी.आर.एन.पासून? जी.आर.एन. म्हणजे त्यांच्या स्टोअरने माल जमा करून घेतल्याची नोंद, आणि ती लांबवणे त्यांच्या हातात असते. आपले युनिट सूक्ष्म किंवा लघु असेल तर उद्यम नंबर (सरकारी नोंदणीचा) बिलावर छापाच. २००६ च्या एम.एस.एम.ई. कायद्यात लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवस, नसेल तर १५. माल पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही, तर पोचला तोच दिवस स्वीकारल्याचा धरतात. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. हे व्याज मागून गिऱ्हाईक घालवायला कुणी तयार नसते, ते सोडा. पण मेलमध्ये एक ओळ टाकली तरी अकाउंट्सवाले फाइल वर काढतात.

फोनवर सौदा ठरला की त्याच दिवशी मेल: ‘ॲज डिस्कस्ड ओव्हर फोन, वुई कन्फर्म...’ आणि खाली दर, नग, डिलिव्हरी, पेमेंट. ‘ॲक्सेप्टेड, सब्जेक्ट टू...’ असे उत्तर आले तर ते होकार समजू नका. १८७२ च्या करार कायद्यात स्वीकृती बिनशर्त लागते. अट घातली की तो काउंटर ऑफर होतो आणि तुमची मूळ ऑफर तिथेच संपते. आता होय की नाही, हे तुम्ही सांगायचे. परदेशी गिऱ्हाइकाला ‘आय विल रिव्हर्ट’ लिहू नका, ‘उत्तर देतो’ हा त्याचा आपल्याकडचा अर्थ त्यांना कळत नाही; ‘आय विल रिप्लाय बाय मंडे’ लिहा. लाख-कोटीही त्यांना कळत नाहीत.

डेबिट नोट, म्हणजे गिऱ्हाईक आपल्या बिलातून पैसे कापल्याचे कळवते तो कागद, ही फाउंड्रीची खरी डोकेदुखी. ब्लोहोल (वायूमुळे पडलेली भोके) आणि श्रिंकेज (धातू आकसून झालेल्या पोकळ्या) वरून दिसत नाहीत, मशीनिंग झाल्यावर उघडे पडतात. मग गिऱ्हाईक कास्टिंगच्या किमतीबरोबर मशीनिंगचाही खर्च कापते, आणि तो कधी कधी कास्टिंगपेक्षा जास्त असतो. त्यामुळे कोटेशनमध्येच लिहा: रिजेक्शनची जबाबदारी बदली माल देण्यापुरती किंवा कास्टिंगच्या किमतीपुरती, आणि रिजेक्ट माल परत मिळाल्यावरच. मोठ्या कंपन्या हे सहसा मानत नाहीत. मग मशीनिंगच्या खर्चाला नगामागे कमाल मर्यादा मागा. ती बहुतेक वेळा मिळते.

बिलाच्या तळाशी ‘सब्जेक्ट टू बेळगाव जुरिस्डिक्शन’, म्हणजे वाद बेळगावच्या कोर्टात, असे छापलेले असते, आणि पी.ओ.च्या मागे बारीक अक्षरात पुणे. वाद झाला तर बिलावरच्या एकतर्फी ओळीवर विसंबता येत नाही. पी.ओ. हातात पडल्यावर कोटेशन शेजारी ठेवून ओळीला ओळ लावा, मागचे पानसुद्धा. फरक दिसेल तिथे अमेंडमेंट (लेखी दुरुस्ती) मागा, आणि ती येईपर्यंत मोल्डिंगला प्लॅन देऊ नका.