मॅट खरवडून ग्लॉस मारला, त्याची गोष्ट

तीन वर्षं शेडमध्ये खपून जुन्या जीपच्या चासीवर हॉट रॉड, म्हणजे हौसेनं बदलून बनवलेली गाडी, उभी केली. पत्रा हाताने ठोकलेला, म्हणून खळगे लपवायला काळा मॅट, म्हणजे बिनचमकीचा रंग मारला. लपलेही. पण सांगलीत हळदीचा सीझन. मार्केट यार्डाजवळ तासभर लावली तर बॉनेटवर कुणाचीतरी पिवळी बोटं! जोरात घासलं, तर डाग तसाच आणि तेवढीच जागा चकाकायला लागली. मॅटला बफिंग, म्हणजे घासून पॉलिश करणं, चालत नाही. ओरखडा पडला की अख्खं पॅनल परत मारा.

पेंटर म्हणाला, "दादा, चकचकीत ग्लॉस करू, पण आधी खळगे भरायची लांबी, म्हणजे पुट्टी, नीट घासा. नाहीतर बॉनेटमध्ये ट्यूबलाइटचं प्रतिबिंब वाकडं दिसंल."

मग लांबीवर काळ्या स्प्रेचा हलका फवारा मारला आणि लाकडी ठोकळ्यावर 320 नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून आडवातिडवा घासला. खळग्यात काळं राहतं, तिथेच पुन्हा लांबी. असं चार वेळा! हात मोडले. वर प्रायमर, मग हार्डनरवाला पीयू (पॉलियुरेथेन) रंग, तोही पाऊस उघडल्यावर. मास्क मात्र चांगला घ्या, रुमालाने भागत नाही.

ट्यूबलाइट आता सरळ दिसते. डाव्या मडगार्डवर थोडी लचकते, ते फक्त मला माहीत.