शंकरपटात नंबर काढणारी जोडी कशी हेरायची

राजेहो, धानाची मळणी आटोपली, कापसाचा शेवटचा वेचा घरी आला की आपल्याकडे विदर्भात पटाचे, म्हणजे शंकरपटाचे, बैलजोड्यांच्या शर्यतीचे दिवस लागतात, संक्रांतीपासून महाशिवरात्रीपर्यंत या गावचा पट झाला की त्या गावचा, अन् पटावर गेलेला जो तो एकच विचारतो, आज कोणती जोडी नंबर काढणार? बहुतेक लोक बैलाचं नाव ऐकून सांगतात. मागच्या महिन्यात अमुक गावी पहिला आला म्हणजे इथंही येईल. माझं म्हणणं वेगळं आहे. एकटा नामी बैल पट मारत नाही, त्या दिवशी त्या जुवाखाली जमलेली जोडी पट मारते, अन् ती जमली आहे की नाही हे धावायच्या आधी बऱ्यापैकी दिसतं, फक्त कुठं पाहायचं ते माहीत पायजे.

आधी हे समजून घ्या की पट कोणत्या पद्धतीचा आहे. आपल्या अमरावती-वर्धा-यवतमाळकडे बऱ्याच ठिकाणी घड्याळाचा पट असतो, एक जोडी सुटते, वेळ लागते, मग दुसरी. भंडारा-गोंदियाकडे दोन जोड्या शेजारी शेजारी सोडायची रीत जास्त, हरली ती घरी, अन् रात्री झाडीपट्टीचं नाटक. या दोन पटांसाठी जोडी वेगवेगळ्या नजरेनं पाहावी लागते. घड्याळाच्या पटात शांत, सरळ जाणारी, पहिल्या ढांगेपासून वेग धरणारी जोडी पायजे. आमनेसामनेच्या पटात बाजूची जोडी पाहून चेव येणारे बैल असतात, अन् बाजूच्या गलक्यानं बिचकणारे पण असतात, घड्याळावर भारी वेळ देणारी जोडी तिथं पहिल्याच फेरीत बाहेर पडलेली मी पाहिली आहे. म्हणून कोणी वेळ सांगितली की पहिला प्रश्न हा विचारा की एकटी धावली होती का बाजूला कोणी होतं.

अन् वेळेचं अजून एक. एका गावची वेळ दुसऱ्या गावच्या वेळेशी लावू नका. धावायच्या पट्टीची लांबी सारखी नसते, माती सारखी नसते, एका ठिकाणी माणूस बटण दाबतो तर दुसऱ्या ठिकाणी सेन्सर लावलेला असतो, अन् इथं सगळा खेळ सेकंदाच्या शंभराव्या भागाचा आहे, बटण दाबणाऱ्याचा अंगठा जरा उशिरा हलला की नंबर बदलतो. त्याच दिवशीच्या, त्याच पट्टीवरच्या, जमलं तर त्याच तासाभरातल्या वेळा एकमेकींशी लावा, बाकी सोडून द्या.

आता पटाच्या दिवशी काय करायचं. सकाळी लवकर जा, सामने सुरू व्हायच्या कितीतरी आधी, जेव्हा पिकअप गाड्यांमधून बैल उतरतात. पूर्ण दिवसातली सर्वात कामाची वेळ हीच. बैल खाली उतरताना मागच्या पायावर नीट भार घेतो का ते पाहा. लांबून आलेली जोडी, बैतूल-छिंदवाड्याहून वगैरे आलेली, रात्रभर गाडीत उभी राहिलेली असते, तिचे पाय ताठ झालेले असतात. चांगला मालक अशा वेळी बैलाला आधी चालवतो, पाणी दाखवतो, मोकळ्या जागेत थोडा वेळ बांधतो. अन् काही लोक उतरवून तसेच नोंदणीच्या टेबलाकडे धावतात. मी तर मालकाकडे पाहूनच अर्धं ठरवतो, ज्याला बैलाच्या पाण्याची आठवण आधी येते त्याची जोडी दुपारच्या फेरीत टिकते.

मग बैलाला चालताना पाहा, समोरून अन् मागून दोन्हीकडून. चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही थोडा पुढं पडत असेल तर त्या बैलाची ढांग मोकळी आहे. मागं कमी पडत असेल तर एकतर कंबर आखडली आहे किंवा चाल मुळातच आखूड आहे. मान वरखाली झटकत असेल तर पायात काहीतरी दुखतंय, दुखरा पुढचा पाय टेकला की बैल डोकं वर उचलतो, हे एकदा डोळ्यात बसलं की शंभर बैलांतून लंगडणारा बैल तुम्ही वेगळा काढाल. खुराच्या भेगा, खुरांच्या मधली जागा, गुडघ्याची सूज, हे बसून पाहावं लागतं, मालकाला विचारून पाहा, चांगले मालक नाही म्हणत नाहीत. नाकावरची ओल पाहा, निरोगी बैलाचं नाक ओलसर असतं. शेण पाहा, हसू नका, पातळ शेण म्हणजे प्रवासानं किंवा भीतीनं पोट बिघडलंय, किंवा खुराक अचानक बदललाय. बांधल्यावर थोड्या वेळानं रवंथ सुरू झालं तर बैल त्या जागी रुळला असं समजा. गर्दीत, भोंग्याच्या आवाजात रवंथ करणारा बैल दिसला की माझं मन तिकडं झुकतंच.

अंगानं कसा पायजे? आपल्याकडचा गवळाऊ पाहा, पांढरा, हलका, लांबट, पायानं चपळ, वर्धा-नागपूर पट्ट्यातली ही जात जुन्या काळी लष्करासोबत भरभर चालायला वापरायचे म्हणतात ते उगाच नाही. हेटीकुंडीला याच जातीसाठी सरकारी फार्म आहे, जमलं तर एकदा जाऊन पाहा, शुद्ध गवळाऊ कसा उभा राहतो ते डोळ्याखालून गेलं की पटावर फरक कळतो. खिल्लार पण येतात, ते उंच, तापट, शिंगं मागं गेलेली. गडचिरोली-चंद्रपूरकडची कठाणी अंगानं लहान पण चिवट. जात पाहून नंबर सांगू नका, पण पट्टीचा अन् जातीचा मेळ पाहा. मला पटासाठी छाती खोल, पोट आवळलेलं, पुठ्ठा भरलेला, गळ्याची पोळी फार न लोंबणारी असा बैल आवडतो. लोंबत्या पोटाचा, तुकतुकीत, सरकी अन् हरभऱ्यावर फुगवलेला बैल फोटोत छान दिसतो, धावताना ते वजन त्यालाच ओढावं लागतं.

वय दातांवरून पाहतात हे कास्तकाराच्या पोराला सांगायची गरज नाही. दोनदाती गोऱ्हा वेग दाखवतो पण गर्दीत सरळ राहील याचा भरवसा नाही. सहादाती किंवा नुकता पुरा झालेला बैल माझ्या मते सर्वात चांगला, अंगात जोर अन् डोक्यात अनुभव दोन्ही. म्हातारा झालेला नामी बैल लोक जुन्या नावावर उचलून धरतात तेव्हा त्याच्या डोळ्यांवरचे खड्डे अन् पाठीचा वाक पाहा.

हे सगळं झालं एका बैलाचं. खरी गोष्ट जोडीची.

दोन्ही बैल जुंपल्यावर जुवाकडे पाहा. जू आडवं सरळ दिसलं पायजे. एक बैल उंच अन् एक ठेंगणा असला की जू कलतं, ठेंगण्याच्या खांद्यावर भार येतो, अन् ते पहिल्या फेरीत दिसत नाही पण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत तो बैल मान आखडतो. मग खांदा पाहा, जुवाच्या जागी कातडी सोललेली, ओली, सुजलेली असेल तर ती जोडी सोडून द्या, कितीही मोठं नाव असो. वेग पण बरोबरीचा पायजे. उजवा बैल जास्त पळतो अन् डावा मागं राहतो तेव्हा छकडा डाव्या हाताला सरकत जातो, म्हणजे मंद बैलाच्या बाजूला, अन् धुरकरी, म्हणजे जोडी हाकणारा, कासरा ओढून ओढून त्याला सरळ करत बसतो, तिथंच वेळ जाते. सरावाचा फेर असला तर मागून उभं राहून चाकाच्या खुणा पाहा. खुणा दोरीसारख्या सरळ गेल्या असतील तर दोन्ही बैल एका मापाचे आहेत. मधल्या वेगाच्या दोन बैलांची बरोबरीची जोडी, एक लय तेज अन् एक साधा अशा जोडीला मारते, हे मी पुन्हा पुन्हा पाहतो अन् तरी लोक तेज बैलाचंच नाव घेतात.

बऱ्याच वेळा असंही होतं की एक बैल एका मालकाचा, दुसरा दुसऱ्याचा, पटापुरती जोडी लावलेली. विचारा की किती दिवसांपासून सोबत जुंपतात. एकाच गोठ्यात वाढलेले बैल मोकळ्या जागी एकमेकांना चाटतात, अंग टेकून उभे राहतात. नवीन जोडीतला एक बैल सारखा दुसऱ्यापासून बाजूला होतो, शिंग दाखवतो. डावा-उजवा पण विचारा, काही बैलांना नेहमी एकाच बाजूला धावायची सवय असते अन् जोडीदार बदलला म्हणून बाजू बदलली की त्याचा वेग निम्मा होतो.

धुरकरी कोण आहे हे बैलाइतकंच मोठं. एक गोष्ट ध्यानात ठेवा, ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाच्या निकालानं पट बंद झाले ते १६ डिसेंबर २०२१ ला पुन्हा परवानगी मिळेपर्यंत, अन् १८ मे २०२३ ला घटनापीठानं राज्याचा कायदा कायम ठेवला. एवढ्या वर्षांत बैलांची एक पूर्ण पिढी पट न पाहता म्हातारी झाली अन् बरेच जुने धुरकरी सुटले. आता जे धावतात ते बहुतेक नवे बैल अन् नवे पोरं, म्हणून ज्यांचे हात बंदीच्या आधीपासून बसलेले आहेत असा एखादा जुना धुरकरी नव्या जोडीवर दिसला तर मी ती जोडी दोन पायऱ्या वर धरतो. हात कसा पाहायचा? सुटायच्या आधी कासरा ढिला पण सारखा असतो, बैलाशी हळू आवाजात बोलतो, उगाच ओरडत नाही. तळेगाव दशासरचा पट शंभर वर्षांहून जुना, तिथं बायांचा पण पट होतो, जमलं तर तो एकदा पाहाच, बैल आवाजानं अन् कासऱ्यानं कसा चालतो हे त्या धुरकरी बायांकडून शिकण्यासारखं आहे.

तुतारी (टोकाला खिळा लावलेली काठी), चाबूक, बॅटरीचा शॉक, शेपूट पिरगाळणं, हे सगळं नियमानं बंद आहे अन् बंदच पायजे, यात माझं दुसरं मत नाही. नंबराच्या हिशोबानं पाहिलं तरी शेपूट पिरगाळली की बैल मागचा भाग बाजूला फेकतो अन् रेष सुटते, टोचलेला बैल उधळतो, सरळ पळत नाही. ज्या जोडीचे बैल धुरकरी जवळ आला की डोळ्याचे पांढरे दाखवतात, अंग चोरतात, ती घरी मार खाते हे समजा अन् दुसरी जोडी पाहा. कलेक्टरची परवानगी, डॉक्टरचं फिटनेस सर्टिफिकेट, कानातला बारा अंकी टॅग, हे ज्या पटावर नीट तपासतात तिथंच जा. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा आपण पाहिलं की एक आजारी जनावर काय करू शकतं.

पट्टी स्वतः पायानं चालून पाहा. नियमात अंतर १००० मीटरच्या वर नाही, आपल्याकडच्या पट्ट्या त्याहून कितीतरी आखूड असतात, म्हणून सुटका चुकली की भरून काढायला जागाच नाही. काळ्या मातीची पट्टी पाणी मारून दाबलेली असते, सकाळी ती घट्ट असते, दुपारी वरचा थर सुटून भुसभुशीत होतो, तेव्हा जड बैलाचा पाय रुततो अन् हलका बैल वर निघतो. बांधीतल्या पट्टीत धानाची खुटं राहिली असतील तर बैल पाय आखडून टाकतो. दोन पट्ट्या असतील तर पहिल्या आठ-दहा जोड्यांत कोणत्या बाजूची जोडी जास्त जिंकली ते वहीत मांडा, कधी एक बाजू सपाट असते, दुसरीकडे उतार किंवा लोकांची गर्दी आत आलेली असते. अन् सूर्य कोणत्या बाजूला जातो ते पण पाहा, संध्याकाळी उन्हाच्या समोर धावणारे बैल शेवटी डोकं वळवतात.

सुटकेच्या जागी उभं राहायला मिळालं तर तिथंच राहा, शेवटच्या रेषेवर सगळी गर्दी असते अन् तिथून फक्त निकाल दिसतो. झेंडीच्या आधी चार-पाच माणसांनाही न आवरणारी, उड्या मारणारी जोडी पब्लिकला आवडते, पण दोनदा चुकीची सुटली की तिचा दम तिथंच जातो. कान पुढं, पाय जमिनीत रोवलेले, अंगाला हलका कंप, अशी जोडी पायजे.

पहिली फेरी झाली की वेळेपेक्षा बैल थांबल्यावर काय होतं ते पाहा. जीभ बाहेर, लाळ गळतेय, बरगड्या भात्यासारख्या हलतायत अन् बऱ्याच वेळानंही श्वास बसत नाही, तर फायनलला ती जोडी खाली येणार. दोन धावांच्या मध्ये बैलाला आराम देतात, पण उन्हात तेवढ्यानं प्रत्येक बैल सावरत नाही, सावलीत बांधलेला अन् अंगावर ओलं पोतं टाकलेला सावरतो. मी फायनलचा अंदाज दुपारी या आरामाच्या जागेवर फिरूनच बांधतो.

पैसे लावू नका. तो जुगार आहे, कायद्यानं गुन्हा आहे, अन् पैसा लागला की धुरकऱ्याच्या हातात तुतारी येते. दोस्तांसोबत चहावर अंदाज लावा, कागदावर तीन नावं लिहून खिशात ठेवा, तेवढ्यात पण रंगत येते.

अन् वही ठेवा भाऊ. जोडीचं नाव, धुरकरी, कोणता बैल कोणत्या हाताला, पट्टी कोणती, सकाळी का दुपारी, वेळ, अन् थांबल्यावर श्वास कसा होता, एवढं एका ओळीत बसतं. त्यात एका प्रकारच्या जोडीखाली रेघ मारा, जी वाईट बाजूच्या पट्टीवर किंवा भुसभुशीत झालेल्या दुपारी धावून तिसरी-चौथी आली पण चाकाची खूण सरळ होती अन् बैल लवकर सावरले. तिच्या मालकाला निघायच्या आधी गाठा, पुढचा पट कुठं धरला आहे ते विचारा, अन् त्या गावी सकाळी पिकअप खाली व्हायच्या वेळेला हजर राहा.