सोबत राहणाऱ्या दोघींचे कागद आणि गावाला द्यायचं उत्तर

मी लातूरला वकिली करते. दोन बाया किंवा दोन पुरुष जोडीनं येतात आणि विचारतात, 'वकीलबाई, आमचं लग्न नोंदवता येतं का?' आज तरी येत नाही. 17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं सांगितलं, की लग्न हा मूलभूत हक्क नाही, कायदा बदलायचा तर संसदेनं बदलावा. जानेवारी 2025 मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या. पण सोबत राहणं गुन्हा नाही, ते 2018 च्या निकालानं मिटलं. तुमच्यातलं एक जण ट्रान्सजेंडर असेल आणि नातं स्त्री-पुरुषाचं असेल, तर आहे त्याच कायद्यानं लग्न होतं. हे आधी तपासून घ्या.

मग मृत्युपत्राला बसा, दोघींचं वेगवेगळं. आपल्याकडे भांडण वावरावरून पेटतं. मृत्युपत्र नसेल तर जमीन भावाच्या, पुतण्याच्या नावावर चढते आणि सोबत म्हातारी झालेली बाई भावकीच्या दारात उभी राहते. हे पाहून मला अजूनही राग येतो. साधा कागद चालतो, स्टॅम्प लागत नाही. दोन साक्षीदारांसमोर सही करा, त्यांच्याही सह्या घ्या. साक्षीदार तुमच्यापेक्षा लहान वयाचे असावेत आणि त्यांना त्या मृत्युपत्रातून काही मिळणारं नसावं. गट नंबर आणि क्षेत्र सातबाऱ्यावरून जसंच्या तसं उतरवा. वडिलोपार्जित जमिनीत फक्त आपल्या हिश्श्यापुरतंच लिहिता येतं. नोंदणी सक्तीची नाही, तरी मी दुय्यम निबंधकाकडे नोंदवायलाच लावते, कारण उद्या कोणीतरी 'सही खोटी' म्हणणारच. मुस्लिम असाल तर वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापेक्षा जास्त मृत्युपत्रानं देता येत नाही. हयातीतच हिबा, म्हणजे बक्षीस, करा आणि ताबाही खरोखर द्या.

बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला बंधन नाही, असं अर्थ मंत्रालयानं ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. त्या पत्रकाची प्रत सोबत न्या. नॉमिनी पैसे उचलते, मालक होत नाही, म्हणून खात्याचा उल्लेख मृत्युपत्रातही हवाच. अशा जोडीदारांना रेशनकार्डासाठी एकच कुटुंब धरा, असंही केंद्रानं राज्यांना कळवलं आहे. तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या.

घरच्यांनी एकीला डांबून ठेवलं, तर संभाजीनगरच्या खंडपीठात हेबियस कॉर्पसची, म्हणजे 'तिला कोर्टापुढे हजर करा' अशी याचिका होते. समुपदेशनाच्या नावाखाली तिचं मन वळवायचं नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं मार्च 2024 मध्ये बजावलं आहे. महिलांना मिळकतीची अट न लावता मोफत वकील मिळतो. 15100 वर फोन करा.

आता गावाचं. माझ्या गळ्यात तुळशीची माळ आहे, म्हणून 'महाराज नाही म्हणतात' हे मला वारंवार ऐकवलं जातं. 2023 च्या सुनावणीत जमियत उलेमा-ए-हिंद आणि अखिल भारतीय संत समिती, दोघीही विरोधात उभ्या होत्या. त्यांच्या मताचा त्यांना हक्क आहे. कीर्तनकारानं, काझीनं किंवा फादरनं असं लग्न लावावं, अशी सक्ती कोणी करू शकत नाही आणि करूही नये. घरात वाद निघाला की पहिलं वाक्य हेच बोला, निम्मा ताण तिथेच उतरतो. मग सांगा, आम्ही मागतो ती सरकारी वहीतली नोंद. 1954 च्या विशेष विवाह कायद्यात भटजीही लागत नाही आणि काझीही. तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार आणि विवाह अधिकारी, एवढ्यावर आपल्या जिल्ह्यातली आंतरधर्मीय लग्नं होतात. ज्ञानोबा आणि त्यांच्या भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणच्या धर्मसभेपुढे जावं लागलं, असं परंपरा सांगते. वारकऱ्याच्या घरात ही आठवण जरूर द्या. राज्यघटनेनं नोंदणी कार्यालयाला शुद्धिपत्र मागायचा अधिकार दिलेला नाही.

'धर्माविरुद्ध कायदा होतो का?' असं विचारलं तर हिंदू कोड बिल सांगा. धर्मगुरूंनी रान उठवलं, बिल रखडलं आणि 1951 मध्ये बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडलं. तरी 1955 मध्ये हिंदू विवाह कायदा आला आणि बायकांना घटस्फोट मागता येऊ लागला. विरोध करणाऱ्यांच्या नातीही आज तोच कायदा घेऊन कोर्टात येतात.

निवडणुकीत देवळात किंवा मशिदीत सभा घेऊन 'यांना पाडा' म्हटलं, तर तिथे हुज्जत घालू नका, चित्रण करा. धर्मस्थळाचा राजकारणासाठी वापर 1988 च्या कायद्यानं गुन्हा आहे. देवाच्या कोपाची भीती घालून मत मागणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 खाली भ्रष्ट आचरणात मोडतं. आचारसंहिता असेल तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर लगेच टाका.

विशेष विवाह कायद्याची दुरुस्ती संसदेतून यायची आहे, म्हणून निवेदन आमदाराला नको, खासदाराला द्या. अर्ध्या पानापेक्षा मोठं नको. मागणी एकच लिहा: विशेष विवाह कायद्याच्या कलम 4 मधल्या वयाच्या अटीत 'पुरुष' आणि 'स्त्री'ऐवजी 'व्यक्ती' असं करावं. गावात भीती असेल तर जोडप्यानं सही करू नये. आईवडील, मास्तर, दिंडीतली माणसं, ज्यांना पटलं त्यांच्या सह्या घ्या. अधिवेशन सुरू व्हायच्या आधी संपर्क कार्यालयात नेऊन द्या आणि प्रतीवर तारखेसह पोच घेतल्याशिवाय तिथून निघू नका.