टेन्स मशीन घरी कसं लावायचं (आणि चुंबकाचा पट्टा कशाला नको)

टेन्स म्हणजे कातडीवर चिकटवलेल्या पॅडमधून हलका करंट देऊन दुखणं कमी करायचं छोटं मशीन. पण आधी चुंबकाचं मिटवू. दुखण्यावर म्हणून विकतात तो चुंबकाचा पट्टा, ब्रेसलेट, गादी, कशातच पैसे घालू नका. रक्तातलं लोह चुंबक खेचतं म्हणणाऱ्याला एमआरआयचं विचारा, तिथे दीड टेस्लाच्या, म्हणजे या पट्ट्यांपेक्षा कितीतरी जास्त ताकदीच्या चुंबकात माणूस अर्धा अर्धा तास पडून असतो, रक्त आपलं नेहमीसारखं वाहतं आणि कंबर दुखतच बाहेर येते. खरं चुंबक आणि नकली चुंबक लावून केलेल्या चाचण्यांतही दुखणं कमी होण्यात खास फरक दिसलेला नाही.

टेन्सने सगळ्यांनाच फरक पडतो असं नाही, आणि दुखण्याचं मूळ तर जातच नाही, पण काहींना मशीन चालू असेपर्यंत आणि नंतर थोडा वेळ बरं वाटतं. म्हणून आधी फिजिओकडे लावून बघा, फरक पडला तरच मशीन घ्यायला मुंबईत प्रिन्सेस स्ट्रीटच्या सर्जिकलवाल्यांकडे जा.

पेसमेकर असेल तर विषयच संपला. गरोदर असाल, फिट येत असतील, कॅन्सर असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नका. गळ्याच्या पुढच्या बाजूला, छातीवर, डोक्यावर पॅड कधीच नाही. शुगरमुळे पाय बधिर झालेत? तिथेही नको, चटका बसला तरी कळणार नाही.

कातडी साबणाने धुऊन कोरडी करा. आपल्याकडे बाम चोळल्याशिवाय दुखणं दुखणंच वाटत नाही, पण बामावर पॅड चिकटत नाही. आणि जून ते सप्टेंबर मुंबईत लोकलमधून उतरून घामेजल्या पाठीवर पॅड लावाल तर पाच मिनिटांत लोंबायला लागेल, आधी पंख्याखाली बसा.

पॅड मणक्याच्या हाडावर नाही, दोन्ही बाजूंच्या मांसल भागावर. दुखरी जागा दोन पॅडच्या मध्ये यायला हवी आणि पॅड एकमेकांना चिकटता कामा नयेत, दोनेक बोटं अंतर ठेवा. गुडघ्याला चार पॅड, चारी बाजूंनी.

आता करंट. इथेच बहुतेकांचं फसतं, मलाही हे जमायला वेळ लागला. घाबरून लोक हलक्या गुदगुल्यांवर थांबतात आणि मग म्हणतात मशीन फालतू आहे. फ्रिक्वेन्सी ८० ते १०० हर्ट्झवर ठेवा, नॉब शून्यावरून हळूहळू वाढवा, मुंग्या जोरदार यायला हव्यात पण दुखायला नको, स्नायू आखडून गोळा यायला लागला की थोडं मागे या. पाच-दहा मिनिटांनी मुंग्या विरल्यासारख्या वाटतील, मशीन बंद पडलेलं नसतं, शरीराला सवय झालेली असते, तेव्हा परत एक टप्पा वाढवा. हे वाढवणं कुणी सांगत नाही आणि खरी गंमत तिथेच आहे. उलट जास्त करंट म्हणजे जास्त आराम असंही नाही हां, दात आवळून सहन करायची ही गोष्ट नाही. रोज वापरत असाल तर मॉड्युलेशन मोड (यात करंट आपोआप बदलत राहतो) वापरून बघा, शरीर त्याला लवकर सरावत नाही.

अर्धा तास पुरे. झोपताना, गाडी चालवताना नाही. पॅड काढायच्या आधी मशीन बंद.

पाय लुळा वाटायला लागला, लघवीवरचा ताबा गेला किंवा दुखण्यासोबत ताप आला तर मशीन ठेवा आणि सरळ हॉस्पिटल गाठा.

पॅड वापरून झाले की प्लास्टिकवर परत चिकटवा. सुकले तर बोटाने थेंबभर पाणी लावा, तरी चिकटत नसतील तर नवीन घ्या. वरून चिकटपट्टी मारून चालवू नका, अर्धवट टेकलेल्या पॅडमधून सगळा करंट एकाच ठिपक्यातून जातो आणि चटका बसतो.