पात्रांवर उभा राहणारा सिनेमा लिहिताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं स्वतःच्या पैशानं सिनेमा करायला निघाली, की पटकथेत पात्राच्या आधी 'विषय' येऊन बसतो. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासून सीमाप्रश्न इथं घराघरात आहे, म्हणून नायक पहिल्याच प्रसंगात त्यावर भाषण ठोकतो. मध्यंतरानंतर गोष्ट हलेनाशी होते. मग लेखक अपघात घालतो, नवा खलनायक आणतो. खरं दुखणं वेगळंच असतं: या माणसाला स्वतःसाठी काय हवंय, हेच ठरलेलं नसतं.

निपाणीत विड्या वळणारी बाई घ्या. मजुरी हजार विड्यांमागं. मांडीवर सूप, कात्रीनं कापलेलं पान, तंबाखूची चिमूट, वर दोरा. माल द्यायला गेली की तपासणारा मूठभर विड्या बाद म्हणून बाजूला काढतो. आता ती काय करते? भांडते? गप्प राहून शेजारणीच्या विड्यांकडं बघते? की बाद झालेल्या परत मागून घेते? यातलं एक ठरवा; पुढचा प्रसंग त्यातूनच निघेल. 'मी फार सोसलंय' हे वाक्य मग खुशाल खोडा. सीमाप्रश्न येईलच, पोरीला मराठी शाळेत घालायचं की कन्नड, यावरून घरात वाजेल तेव्हा.

दुसरी मोठी चूक संवादांची. सगळेच पुण्याची मराठी बोलतात! इथं एकच माणूस घरी मराठी, बाजारात कन्नड, शेजाऱ्याशी हिंदी बोलतो. तो भाषा कुठं बदलतो आणि कुणापुढं नरमतो, ते लिहा. कन्नड ओळी कन्नड घरातल्या माणसाकडूनच लिहून घ्या. आणि कन्नड पात्र तोंडी लावण्यापुरतं, विनोदी किंवा दुष्ट, ठेवू नका. मला ही चूक सगळ्यांत जास्त खुपते. त्यालाही काहीतरी हवं असू द्या.

संवाद जमलेत का, हे बघायला पात्रांची नावं झाकून ते मोठ्यानं वाचा. कोण बोलतंय ते कळलं नाही, तर ओळी घासत बसू नका, माणसाकडं परत जा.

खर्चाचंही लिहितानाच बघा. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट. पावसाळ्यात खानापूर तालुक्यातल्या कणकुंबीच्या बाजूला पाऊस धो धो कोसळतो. तिथले उघड्यावरचे प्रसंग घराच्या पडवीत घडू शकतात का, हे शूटिंगची तारीख ठरण्याआधीच तपासा.