साठ मीटरवरचा बेलआउट आणि माझं चुकलेलं गणित

माझं डायव्हिंग तारकर्लीत सुरू झालं, आठदहा मीटर पाणी, गढूळ, तरी मजा. पुढे नोकरीला दुबईत आलो, रिब्रीदरचं वेड लागलं आणि मॉड १ झाल्यावर सुट्टी टाकून इजिप्तमधल्या दहाबला मॉड २ करायला गेलो, म्हणजे ट्रायमिक्स (ऑक्सिजन, हेलियम आणि नायट्रोजनचं मिश्रण) घेऊन ६० मीटरपर्यंत. (मॉड म्हणजे कोर्सची पायरी पण आणि एखादा गॅस जास्तीत जास्त किती खोल चालतो ते पण, नवख्यांचा गोंधळ होतोच, माझाही झाला.)

रिब्रीदर माणसाला लाडावून ठेवतो हो. सोडलेला श्वास लूपमधून, म्हणजे नळ्यांच्या बंद चक्रातून, फिरतो, स्क्रबर कार्बन डायऑक्साइड शोषतो, शरीराला लागतो तेवढाच ऑक्सिजन खर्च होतो, मिनिटाला साधारण एक लिटर, मग तुम्ही १० मीटरवर असा नाहीतर ६० वर. त्यामुळे डोक्यात गॅस संपणं हा विषयच राहत नाही. पण लूप बिघडला की तोंडातला माउथपीस काढून ओपन सर्किटवर यायचं, म्हणजे टाकीतून श्वास घ्यायचा आणि पाण्यात सोडायचा, तोच बेलआउट, आणि तिथे प्रत्येक श्वास खोलीच्या भावाने पडतो. ६० मीटरवर दाब ७ बार, म्हणजे वरच्या सातपट.

माझं पहिलं गणित असं होतं. निवांत असताना मी मिनिटाला २० लिटर घेतो. तळाशी २ मिनिटं सावरायला, मग मिनिटाला ९ मीटरने वर २१ पर्यंत, तिथे ५० टक्के ऑक्सिजनवाली दुसरी टाकी. हिशोब आला ७२० लिटरच्या आसपास. अ‍ॅल्युमिनियम ८० च्या टाकीत २०० बारला २२०० लिटर असतात, म्हटलं झालं की, दोन तृतीयांश उरतंय!

इन्स्ट्रक्टरने कागद बघितला आणि एकच विचारलं, बेलआउट करताना तू निवांत असशील का?

स्क्रबर फुटला, म्हणजे कार्बन डायऑक्साइड आरपार यायला लागला, की श्वास आवरत नाही, धापा लागतात, ४०-५० लिटर सहज जातात. मग तळाची २ मिनिटं ५० ने धरा, ७०० लिटर तिथेच. वर यायला सव्वाचार मिनिटं, ४० ने, अजून साधारण ८७०. आणि शरीरात मुरलेला गॅस निघावा म्हणून २७ नि २४ मीटरवर मिळून ५ मिनिटं थांबायला लागलं तर ३० ने धरूनही ५०० च्या वर. बेरीज २१०० लिटर, टाकी रिकामीच समजा, आणि हे सगळं काही न चुकता झालं तर. तेव्हापासून मी ६० ला खोलीचा गॅस दोन टाक्यांत नेतो, मला चालताना बघून लोक हसले तरी चालेल. टीममध्ये बेलआउट वाटून घ्यायची पण पद्धत आहे, दोघांत मिळून दीडपट वगैरे, कागदावर बरोबर आहे ते, पण धापा टाकत जोडीदाराला शोधत पोहायचं मला नाही पटत.

गॅस कुठला हेही बघा. खोल पाण्यात गॅस दाट होतो, फुफ्फुसांना तो ओढताना कष्ट पडतात आणि कार्बन डायऑक्साइड अजून साठतो. लिटरला ५.२ ग्रॅमच्या आत राहा, ६.२ च्या पुढे जाऊच नका असं सांगतात. ६० मीटरवर साधी हवा ९ ग्रॅम होते, १८/४५ ट्रायमिक्स (१८ टक्के ऑक्सिजन, ४५ टक्के हेलियम) ५.६ च्या आसपास. हेलियम महाग आहे, माहितीये, पण बेलआउटच्या टाकीत काटकसर नको. रिब्रीदर डायव्हर डेव्ह शॉ २००५ च्या जानेवारीत दक्षिण आफ्रिकेतल्या बुशमन्स होलमध्ये २७० मीटरवर मरण पावला, त्याच्या हेल्मेटवरच्या कॅमेऱ्यात श्वास वाढत गेलेला ऐकू येतो आणि अभ्यासकांनी कारण हेच लावलं, खोलवर केलेले कष्ट, दाट गॅस आणि साठलेला कार्बन डायऑक्साइड.

आणि ५ मिनिटं प्रीब्रीद केलं, म्हणजे पाण्यात उतरण्याआधी लूपवर श्वास घेऊन बघितला, की स्क्रबर ठीक, असं समजू नका, खराब स्क्रबर त्यात दरवेळी कळत नाही हे प्रयोगातच दिसलंय. स्क्रबरचे तास लिहून ठेवा.

टाकीतला गॅस जास्तीत जास्त किती खोल चालतो ते टाकीवर मोठ्या आकड्यात लिहा, अंधारात हातात येईल ती टाकी नाही चालत. ५० टक्केवाली ६० ला तोंडात गेली तर ऑक्सिजनचा दाब साडेतीन बार, झटके येऊन माणूस जातो.

आता माझी फजिती. ब्लू होलच्या बाहेरच्या भिंतीवर, ४० मीटरवर, इन्स्ट्रक्टरने पाटी दाखवली: बेलआउट. मी लूप बंद केला, हात खाली नेला आणि टाकीच्या नळीला असलेला, श्वास घ्यायचा रेग्युलेटर निघेचना. सकाळी टापटीप दिसावं म्हणून होज इलॅस्टिकखाली खोल खोचली होती. निघाली शेवटी, दहाबारा सेकंद गेले असतील, पण खऱ्या धापेत माणूस एवढा वेळ श्वास धरूच शकत नाही. म्हणून माउथपीसमध्येच बेलआउट व्हॉल्व असलेला घ्या, न काढता नुसता दांडा फिरवायचा, पैसे वसूल. आणि एकदा बेलआउटवर आलात की "बरं वाटतंय" म्हणून परत लूपवर जाऊ नका, मी जाणार होतो, इन्स्ट्रक्टरने बोट हलवलं.

त्या रात्री हॉटेलच्या खोलीत हार्नेस चढवून, डोळ्याला रुमाल बांधून मी पन्नासेक वेळा रेग्युलेटर काढला नि परत खोचला, दार वाजलं, उघडलं तर टॉवेल द्यायला आलेला पोरगा दोन पावलं मागे सरकला.