मराठी मजकूर पंचकार्डावर: वर्गांचा तक्ता, छोटा प्रोग्राम आणि लेझर कटिंग

आयबीएमच्या ८० कॉलमच्या पंचकार्डावर (भोकं पाडून जुन्या संगणकाला मजकूर देण्याचं कागदी कार्ड) वरून खाली १२ ओळी असतात: सगळ्यात वर १२, मग ११, मग ० ते ९. इंग्रजी ए ते आय या अक्षरांना १२ आणि १ ते ९ पैकी एक अशी दोन भोकं, जे ते आर यांना ११ आणि १ ते ९, एस ते झेड यांना ० आणि २ ते ९. अंकाला एकच भोक. देवनागरीची सोय त्यात नाही. रोमन लिपीत नाव लिहून पंच करता येतं, पण गणपतीच्या आराशीत किंवा मुंजीच्या पत्रिकेसोबत तसं कार्ड ठेवण्यात गंमत नाही. इथे दिलेल्या पद्धतीत मजकूर देवनागरीतच राहतो आणि तक्ता पाठ झाला की कार्ड नुसत्या नजरेनं वाचता येतं.

युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक खुणेला क्रमांक देणारी पद्धत) देवनागरीसाठी १२८ जागा आहेत, म्हणजे प्रत्येक खुणेचा क्रमांक सात बिटांत बसतो. ते बिट सरळ सात ओळींत पाडले तर प्रोग्राम चार ओळींत संपतो. तरीही तसं करू नये. एकतर ते माणसाला वाचता येत नाही. शिवाय एका कॉलममध्ये पाच-सहा भोकं पडू लागली की कागद लेचापेचा होतो. दोन कॉलमच्या भोकांमध्ये जेमतेम ०.८ मिमी कागद उरतो हे लक्षात ठेवा. आपली वर्णमाला मुळातच वर्गवार मांडलेली आहे, तीच वापरायची.

व्यंजनाला नेमकी दोन भोकं. पहिलं वर्गाचं: क-वर्ग १२, च-वर्ग ११, ट-वर्ग ०, त-वर्ग ९, प-वर्ग ८, य-र-ल-व-ळ यांना ७ आणि श-ष-स-ह यांना ६. दुसरं भोक त्या वर्गातल्या जागेचं, १ ते ५. म्हणजे क १२-१, ङ १२-५, द ९-३, ब ८-३, र ७-२, ळ ७-५, ह ६-४. ३५ घरांपैकी ६-५ हे एक रिकामं राहतं. ते ‘ऱ’ला द्यायचं, कारण ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’ त्याच्याशिवाय लिहिता येत नाहीत.

स्वरांसाठी १२ आणि ० ही जोडी, त्यांच्या मात्रांसाठी ११ आणि ० ही जोडी, आणि सोबत तिसरं भोक: आ १, इ २, ई ३, उ ४, ऊ ५, ए ६, ऐ ७, ओ ८, औ ९. इ म्हणजे १२-०-२ आणि त्याची वेलांटी ११-०-२. ‘अ’ला मात्रा नसते, म्हणून नुसतं १२-० म्हणजे अ, आणि नुसतं ११-० म्हणजे पाय मोडलेला, हलन्त. उरलेल्या खुणा १२-११ या जोडीवर: अनुस्वार १, विसर्ग २, चंद्रबिंदू ३, ऋ ४, ऋची मात्रा ५, ॲची मात्रा ६, ऑची मात्रा ७, ॲ ८, ऑ ९. स्वल्पविराम नुसतं १२-११, पूर्णविराम नुसतं १२, संयोगरेषा नुसतं ११. अंक ० ते ९ जुन्या पद्धतीप्रमाणेच, एक भोक. मोकळी जागा म्हणजे कोरा कॉलम. १ ते ५ मधल्या जोड्या अजून शिल्लक आहेत. १-२ नुक्त्याला, म्हणजे अक्षराखालच्या टिंबाला, द्या (इंदूरमध्ये ‘कपड़ा’ अशा हिंदी पाट्यांचे शब्द यायचेच), बाकीच्या प्रश्नचिन्ह, कंस वगैरेंना.

क्ष आणि ज्ञ वेगळे नाहीत. क्ष म्हणजे क, हलन्त, ष असे तीन कॉलम.

‘इंदूर’ असा पडेल: इ १२-०-२, अनुस्वार १२-११-१, द ९-३, दीर्घ ऊची मात्रा ११-०-५, र ७-२. पाच कॉलम. ‘अहिल्याबाई होळकर’ला मधली मोकळी जागा धरून १६ लागतात. हे एकदा हातानं मोजून पाहा. मात्रेला स्वतंत्र कॉलम लागतो हे पहिल्यांदा हिशेब करणाऱ्यांच्या हमखास नजरेतून सुटतं.

आपला ‘क’ आणि हॉलरिथचा, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या इंग्रजी पद्धतीतला, ए दोन्ही १२-१ आहेत. त्यामुळे कॉलम १ मध्ये कायम १२-११-० ही तीन भोकं पाडायची, ती ‘हे देवनागरी कार्ड’ अशी खूण. कॉलम ७३ ते ८० क्रमांकासाठी राखा. फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेची कार्डं लिहिणारेही तेच करत. क्रमांक दहा-दहाच्या टप्प्यानं द्या, ००००००१०, ००००००२०, म्हणजे मध्ये एखादं कार्ड घालावं लागलं तर पुढचे क्रमांक बदलावे लागत नाहीत. मजकुरासाठी २ ते ७२ असे ७१ कॉलम उरले, त्यात साधारण दहा-अकरा मराठी शब्द मावतात.

प्रोग्राम पायथनमध्ये लिहिणं सोपं. तक्ता म्हणजे एक डिक्शनरी: डावीकडे खूण, उजवीकडे ओळींची यादी. ती भरल्यावर पहिल्यांदा तपासायचं ते हे की दोन खुणांना एकच भोकं गेलेली नाहीत. ‘१’ आणि इंग्रजी एक हा आकडा यांना मुद्दाम एकच भोक दिलेलं असतं, तेवढा अपवाद.

खरी कटकट मजकूर साफ करण्यात आहे. युनिकोडडेटा मॉड्यूलमधून मजकुराला एनएफसी रूप (तुकडे जोडून ठेवणारं युनिकोडचं प्रमाण रूप) द्या, म्हणजे र आणि नुक्ता असा तुटलेला ‘ऱ’ एकसंध होतो. पण ‘ॲ’चं काम त्यानं होत नाही. काही कीबोर्ड ‘ॲ’ एकच खूण म्हणून देतात, काहींवर अ आणि चंद्र अशा दोन खुणा पडतात, हिंदी कीबोर्डवरून तिसरंच ‘ऍ’ येतं. दिसायला जवळपास सारखं, पण युनिकोडच्या दृष्टीनं या समान खुणा नाहीत, म्हणून तिन्हींना ‘ॲ’ करणारी अदलाबदल स्वतः लिहावी लागते. तसंच ‘र’, हलन्त आणि त्यामागे न दिसणारा झेडडब्ल्यूजे (झिरो-विड्थ जॉइनर, जोडणारी खूण) आला तर त्याचं ‘ऱ’ आणि हलन्त करायचं; बाकी न दिसणाऱ्या खुणा काढून टाकायच्या. तक्त्यात नसलेली खूण आली तर प्रोग्रामनं गप्प पुढे जाऊ नये. कार्ड आणि कॉलमचा आकडा सांगून थांबावं.

मंडळाच्या जुन्या फाइलमधला मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या फॉन्टमध्ये असेल तर तो पडद्यावर मराठी दिसतो, पण आत इंग्रजी अक्षरं असतात. तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

मग मजकूर अक्षरांत तोडा. नियम असा: मात्रा, अनुस्वार, विसर्ग, नुक्ता, हलन्त हे आधीच्या व्यंजनाला किंवा स्वराला चिकटतात आणि हलन्तानंतर आलेलं व्यंजनही त्याच अक्षरात जातं. कार्ड बदलताना अक्षर फुटता कामा नये. जमेल तिथे शब्दही फोडू नका.

आता मापं. कार्ड १८७.३ × ८२.५५ मिमी, वरचा डावा कोपरा कापलेला. पहिल्या कॉलमचा मध्य डाव्या कडेपासून ६.३७५ मिमीवर, पुढचा प्रत्येक २.२०९८ मिमी अंतरानं. हा आकडा २.२ करू नका, ८०व्या कॉलमपर्यंत पाऊण मिमीचा फरक साचतो. १२व्या ओळीचा मध्य वरून ६.३५ मिमीवर, पुढची प्रत्येक ओळ आणखी ६.३५ मिमी खाली. भोक १.४ × ३.२ मिमी, उभं. एसव्हीजीमध्ये (प्रोग्रामनं लेझरसाठी बनवायची चित्राची फाइल) चौकोनाची जागा त्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यानं ठरते, मध्यानं नाही. म्हणून आडवं ०.७ आणि उभं १.६ मिमी वजा करायचं. हे राहिलं तर सगळी भोकं उजवीकडे आणि खाली सरकतात, आणि ९ची ओळ खालच्या कडेच्या जवळ जाते.

फाइलमध्ये रुंदी-उंची मिमीत लिहा आणि व्ह्यूबॉक्सही (चित्राच्या आतल्या मापांची चौकट) त्याच आकड्यांचा ठेवा. दुकानदाराच्या पडद्यावर कार्ड १४० किंवा २५० मिमी दिसलं तर समजा की एका बाजूला इंचात ७२ आणि दुसऱ्या बाजूला ९६ पिक्सेल धरले आहेत. घरी छापत असाल तर ‘फिट टू पेज’ बंद करा आणि पहिल्या ते शेवटच्या कॉलमच्या मध्यांतलं अंतर पट्टीनं मोजा: १७४.६ मिमी यायला हवं.

भोकांवर मराठी अक्षर छापायचं तर वरच्या ४ मिमी पट्टीत, अक्षराच्या पहिल्या कॉलमपाशी अख्खं अक्षर छापा. मात्रा तिच्या स्वतंत्र कॉलमवर टाकली की रिकाम्या ठिपक्यांच्या वर्तुळावर टांगलेली दिसते. आकार २.८ मिमीच्या वर गेला तर ‘म’ शेजारच्या कॉलमवर चढतो. फाइल देण्याआधी इंकस्केप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑब्जेक्ट टू पाथ’ करा, नाहीतर लेझरच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या उजवीकडे जाऊन बसते.

कागद १६० ते १८० जीएसएमचा, फिका बदामी, इंदूरच्या खजुरी बाजारात बघा. मूळ कार्ड ०.१८ मिमी जाड असे. कागदाचे तंतू कार्डाच्या लांबीच्या दिशेनं हवेत. कागद दोन्ही बाजूंनी हलका वाकवून पाहा, ज्या घडीला तो सहज वाकतो ती तंतूंना समांतर. ए-४ उभा धरला की तीन कार्डं बसतात.

लेझरवाल्यांचा रोजचा धंदा नेमप्लेट आणि लग्नपत्रिकांचा, तेव्हा काही गोष्टी आधी सांगाव्या लागतात. चौकोन भरीव काळे ठेवू नका. भरीव आकार मशीन कोरतं, कापत नाही. नुसती बारीक कड हवी. भोकं काळ्या रेषेत, बाहेरची कड लाल रेषेत द्या आणि ‘भैया, लाल वाली लाइन आखिर में काटना’ हे तोंडी सांगा. कड आधी कापली की कार्ड सुटतं, हवेच्या झोतानं हलतं आणि शेवटचे कॉलम तिरपे पडतात. कागद मास्किंग टेपनं चारी बाजूंनी चिकटवा. भोकांच्या कडा तपकिरी झाल्या तर पॉवर कमी करून वेग वाढवा, आणि आधी एकच कार्ड कापून घ्या.

कापण्यापूर्वी उलटा प्रोग्राम चालवा: भोकांवरून मजकूर परत बनवा आणि साफ केलेल्या मजकुराशी ताडून बघा. मग एक कार्ड हातात घेऊन तक्त्यावरून वाचा, कारण कोपरा चुकीच्या बाजूला कापला गेला किंवा फाइल आरशासारखी उलटली तर ते प्रोग्रामला कळत नाही. गठ्ठा तयार झाला की वरच्या कडेवर पेन्सिलनं एक तिरकी रेघ मारा. कार्ड जागेवरून हललं की रेघ तुटलेली दिसते. पावसाळ्यात कार्डं झिपच्या पिशवीत, वर जड पुस्तक ठेवून सांभाळा, नाहीतर ती वाकतात.